उचलली जीभ : एनबीएवर ठाम बोलण्याचं प्राथमिक शिक्षण

अभिनंदन. तुम्ही निवडलेल्या धंद्यात भांडवल लागत नाही, परीक्षा नसते आणि विकलेला माल परत येण्याची भीती तर अजिबात नाही. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामने खेळतो. म्हणजे नुसत्या साखळीतच १२३० सामने, आणि त्यानंतर दोन महिने प्लेऑफ. सामने रात्री होतात, त्यावरची चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या तासांत खेळाडू झोपतो, फिजिओ कुणाच्या तरी घोट्यावर बर्फ धरून बसतो, प्रशिक्षक सामन्याचं चित्रीकरण पुढे-मागे करत डोळे लाल करून घेतो. तुम्ही त्या वेळात मत तयार करायचं. ईएसपीएनवरचा ‘फर्स्ट टेक’ न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी १० वाजता लागतो. दोन तास भरायचे असतात, आणि दोन तास भरण्याएवढा दोषी कुणीतरी लागतोच.

मराठी विद्यार्थ्याला यात एक नैसर्गिक सवलत आहे. तिकडचा रात्रीचा सामना आपल्याकडे सकाळी पोहे होईपर्यंत आटोपतो आणि त्यांचा स्टुडिओ आपल्याकडे संध्याकाळी उघडतो. अख्खा दिवस हाताशी. तो सामना पुन्हा पाहण्यात वाया घालवू नये.

पात्रतेबद्दल नवशिके फार विचारतात. आपल्याला बास्केटबॉल खेळता यायला हवं का? मुळीच नाही. या विद्येचे एक आद्य गुरू स्किप बेलेस यांनी लेब्रॉन जेम्स मोक्याच्या क्षणी कच खातो, हे सांगण्यात वर्षानुवर्षं घालवली. २०१२ साली माजी खेळाडू जेलन रोझने त्यांच्याच कार्यक्रमात, त्यांच्याच तोंडावर, त्यांची शाळेच्या संघातली सरासरी काढून दाखवली: सामन्यामागे १.४ गुण. काय बिघडलं? २०१६मध्ये बेलेस ‘फॉक्स’कडे गेले आणि तिथे त्यांना स्वतःचा कार्यक्रम मिळाला. त्यांचे जुने जोडीदार स्टीफन ए. स्मिथ यांनी २०२५मध्ये पाच वर्षांसाठी किमान १० कोटी डॉलरचा करार केल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी दिल्या. सही करताना चेंडू टप्पे मारून दाखवायला त्यांना कुणी सांगितलं नसावं.

सावज कोवळं हवं

नवशिके हमखास एक चूक करतात: नाव झालेल्यांवर घसरतात. स्टीफन करीच्या नावावर चार अजिंक्यपदं आहेत; त्याच्याविरुद्ध बोलायचं तर थोडाफार अभ्यास करावा लागेल. शिवाय असा माणूस निवृत्त झाल्यावर तुमच्याच शेजारच्या खुर्चीत येऊन बसायची शक्यता असते. म्हणून वय १८ ते २५ पाहावं. या वयात पुरावा थोडा आणि भविष्य भरपूर असतं, आणि भविष्याला साक्षीला बोलावता येत नाही.

नमुना म्हणून जुलै २०२३चं लास वेगास घ्या. समर लीग म्हणजे नुकतीच निवड झालेली पोरं आणि करार मिळेल या आशेवर आलेले होतकरू यांचे उन्हाळी सामने. त्यांचा हिशोब मोसमात धरत नाहीत. व्हिक्टर वेम्बान्यामा फ्रान्सहून नुकताच आलेला, सात फुटांहून उंच, १९ वर्षांचा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाने सॅन अँटोनिओने उचललेला. पहिल्याच सामन्यात त्याचे १३पैकी २ फटके आत गेले. एकूण ९ गुण. रात्र सरायच्या आत पोरगा फुसका बार ठरला. त्याच सामन्यात त्याने समोरच्यांचे पाच फटके हवेतच अडवले होते, पण ते आपण बोलायचं नाही. दुसऱ्या सामन्यात त्याने २७ गुण आणि १२ रिबाउंड घेतले, तेही नाही. पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला एकमताने मिळाला, तेव्हा तुम्ही दुसऱ्याच कुणावर तरी बोलत असायला हवं. ‘पी हळद नि हो गोरी’ हे आपल्याकडे उतावळ्या माणसाला टोचून म्हणतात. इथे ते कामाचं वेळापत्रक आहे.

अंगठीची फूटपट्टी

अजिंक्य संघातल्या प्रत्येकाला एनबीएत अंगठी मिळते. तेवढी एकच फूटपट्टी जवळ ठेवा. अंगठी नसेल तर खेळाडूचे गुण, बचाव, सहकाऱ्यांना सावरून घेणं, सगळं शून्य. दरवर्षी ३०पैकी २९ संघ हरतात, हे गणित करत बसू नका. त्याने तुमच्या आवाजातला जोर जातो.

तुलना नेहमी मायकल जॉर्डनशी करायची, आणि तीही पूर्ण झालेल्या जॉर्डनशी: सहा अंगठ्या, ओठांत सिगार, डोळ्यांत पाणी. अर्धा जॉर्डन कुणाला दाखवू नये. कारण पहिल्या तीन मोसमांत त्याच्या शिकागोने प्लेऑफचे दहा सामने खेळले आणि एक जिंकला. १९८६मध्ये बोस्टनच्या मैदानात त्याने एका सामन्यात ६३ गुण केले आणि तरीही सामना आणि मालिका दोन्ही गेली. पुढे १९८८ ते १९९० अशी ओळीने तीन वर्षं डेट्रॉइटने त्याला घरी पाठवलं. पहिली अंगठी आली ती १९९१मध्ये, सातव्या मोसमात, वयाच्या २८व्या वर्षी. तोवर त्याच्याबद्दलही लोक हेच म्हणत होते, की हा गुण करणारा आहे, जिंकून देणारा नव्हे. लेब्रॉनला पहिली अंगठी २७व्या वर्षी मिळाली, म्हणजे एक वर्ष आधी. हा मुद्दा तुमच्या तोंडून चुकून बाहेर पडला तर ताबडतोब जाहिरातीसाठी थांबा.

बोस्टनच्या जेसन टेटम आणि जेलन ब्राउन या जोडगोळीवर तर एका पिढीच्या स्टुडिओंचं पोट भरलं. दोघं एकाच जागी खेळणारे, दोघांना चेंडू हवा, तेव्हा एकाला विका, असा हा सिद्धान्त. जानेवारी २०२२मध्ये बोस्टनने १८ सामने जिंकलेले आणि २१ हरलेले होते, तेव्हा तो भलताच बहरात होता. त्याच मोसमात ही जोडी संघाला थेट अंतिम फेरीत घेऊन गेली. तिथे ती हरली आणि सिद्धान्ताला पुन्हा पालवी फुटली. २०२३च्या मे महिन्यात टेटमने फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यात ५१ गुण केले. सातव्या सामन्यात एवढे गुण तोवर कुणीच केले नव्हते. दोन आठवड्यांनी मायामीविरुद्धच्या सातव्या सामन्यात पहिल्याच चढाईत त्याचा घोटा मुरगळला, त्याला १४ गुण करता आले आणि संघ हरला. आता तुमच्यापुढे दोन सातवे सामने आहेत. कुठला वापरायचा, हे ज्याला सांगावं लागतं त्याने हा धंदा सोडावा.

२०२४मध्ये याच दोघांनी अजिंक्यपद मिळवलं. साखळीत ६४ विजय, अंतिम फेरी डॅलसविरुद्ध ४-१. सिद्धान्त कोसळला असं वाटेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्राउनला मिळाला, आणि लगेच नवा विषय उभा राहिला: मग टेटम खरा म्होरक्या आहेच का? २६ वर्षांचा पोरगा अंगठी घालून उभा आणि तुम्ही त्याला विचारताय, पण बक्षीस कुठंय? या चपळाईला मी मनापासून दाद देतो. दोरीवरून चालणाऱ्यालाही काठी लागते. इथे तीही नाही.

निनावी मत आणि हॅलिबर्टन

हा पाठ लांबेल, कारण २०२५चा उन्हाळा या विद्येचा सुवर्णकाळ होता.

टायरीस हॅलिबर्टन इंडियानाचा पॉइंट गार्ड. फटका मारायची त्याची तऱ्हा वाकडीतिकडी, स्वभाव हसरा, खेळ चेंडू वाटून देण्याचा. त्याला आधी निवडलं होतं सॅक्रामेंटो किंग्जने, आणि २०२२मध्ये त्यांनीच तो इंडियानाला देऊन टाकला. (किंग्जच्या मालकांपैकी प्रमुख विवेक रणदिवे हे जन्माने मुंबईकर. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले ते नेमके याच दोन संघांमध्ये. त्याआधी २०१८च्या ड्राफ्टमध्ये किंग्जकडे दुसरा क्रमांक असताना त्यांनी लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं होतं. कोवळ्या पोरांबद्दलचा अंदाज मालकांचाही चुकतो. त्यांच्या चुकीची किंमत गुणतक्त्यात दिसते, एवढाच काय तो फरक.)

एप्रिल २०२५मध्ये ‘द ॲथलेटिक’ने खेळाडूंकडून निनावी मतं घेतली. उगाच डोक्यावर घेतलेला खेळाडू कोण, या प्रश्नावर हॅलिबर्टनला सर्वाधिक मतं पडली. सर्वाधिक म्हणजे सुमारे १४ टक्के. म्हणजे शेकडा ८५ जणांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पण ‘८५ टक्के खेळाडूंना तसं वाटत नाही’ या मथळ्यावर दोन तास काढून दाखवा बरं. निनावी मताची थोरवी अशी, की ते दिल्याबद्दल कुणाला जबाबदार धरता येत नाही आणि ते झेलणाऱ्याचा मात्र फोटो छापता येतो.

मग प्लेऑफ सुरू झाले. मिल्वॉकीविरुद्धचा पाचवा सामना ओव्हरटाइममध्ये शेवटच्या क्षणी त्याने जिंकून दिला. क्लीव्हलंडविरुद्ध दुसऱ्या सामन्यात १.१ सेकंद उरले असताना त्याचा थ्री-पॉइंटर गेला आणि इंडियाना १२०-११९ने जिंकली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिल्या सामन्यात शेवटच्या फटक्यावर चेंडू रिंगवर आदळून आभाळात उडाला, सगळ्यांना वाट पाहायला लावून आत पडला, बरोबरी झाली, आणि ओव्हरटाइममध्ये सामना इंडियानाचा. अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पहिल्या सामन्यात घड्याळात ०.३ सेकंद उरले असताना त्याने १११-११० केलं. त्या अख्ख्या सामन्यात इंडियाना फक्त तेवढ्याच ०.३ सेकंदांपुरती पुढे होती. चार फेऱ्या, चार सामने, ज्यांत त्याने हरलेली बाजू ओढून आणली.

नवशिक्याला वाटेल, आता काय बोलणार? धीर धरा. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात हॅलिबर्टनने सहा फटके मारले, एकही गेला नाही, एकूण ४ गुण. मोठ्या व्यासपीठावर विरघळला, असं म्हणायला आता रान मोकळं. पोटरीचा स्नायू ताणला गेल्याचं संघाने सांगितलं होतं, पण पोटरी पडद्यावर दिसत नाही आणि शून्य दिसतं. दिसतं त्यावर बोलावं, हा या शास्त्राचा कणा आहे.

सहावा सामना तो तीच पोटरी घेऊन खेळला आणि इंडियाना जिंकली. २२ जूनला सातव्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांत त्याने तीन थ्री-पॉइंटर मारले, ९ गुण झाले, आणि नंतर साध्या एका पावलावर त्याचा अकिलीस स्नायुबंध तुटला. तो जमिनीवर हात आपटत राहिला. संघ हरला, आणि पुढचा अख्खा मोसम त्याला बसून काढायचा होता.

अशा वेळी काय करावं? दोन दिवस आवाज खाली आणावा आणि त्याच्या जिद्दीचं कौतुक करावं. त्यानंतर, एवढी दुखापत असताना त्याला खेळू दिलंच कसं, यावर संतापून बोलावं. तो खेळला नसता तर काय म्हणायचं, हे तुम्ही पाचव्या सामन्यानंतर लिहून ठेवलेलंच असेल. तो कागद जपून ठेवा; दुसऱ्या कुणासाठी तरी चालेल.

वजनकाटा

पोराच्या शरीरावर बोलायला अमेरिकेतही लाज बाळगावी लागत नाही. झायन विल्यम्सन २०१९मध्ये पहिल्या क्रमांकाने न्यू ऑर्लिन्सला आला. तिसरा मोसम पायाचं हाड मोडल्यामुळे पूर्ण गेला. हाडाबद्दल बोलायला डॉक्टर लागतो, वजनाबद्दल बोलायला कुणीही चालतं. त्यामुळे त्या वर्षी चर्चा कशाची झाली, हे वेगळं सांगायला नको.

लुका डॉन्चिचचं प्रकरण यापुढचं. त्याचा बचाव ढिला असतो, हे खरं आहे. पंचांशी हुज्जत घालताना तो परत धावायचं विसरतो आणि मागे चार जण पाच जणांशी झुंजत राहतात, हेही खरं. या गोष्टी चित्रफितीवर दाखवता येतात, त्यावर प्रशिक्षकाला काम करता येतं, आणि असं दाखवणाऱ्या माणसांचं मी आवडीने ऐकतो. पण तसं बोलायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही तिथून झटकन स्वभावावर उडी मारायची: याला जिंकायची भूकच नाही. २०२४च्या अंतिम फेरीत तो डॅलसकडून छातीला मार आणि दुखरा गुडघा घेऊन खेळत होता. तिसऱ्या सामन्यात सहा फाउल होऊन बाहेर गेला आणि भुकेचा निकाल लागला.

एरवी हे सगळं हवेत विरतं. पण फेब्रुवारी २०२५मध्ये डॅलसचे व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी २५ वर्षांच्या लुकाला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवून दिलं. बदल्यात घेतला त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा अँथनी डेव्हिस. अजिंक्यपदं बचावाने मिळतात, असं त्यांनी कारण दिलं, आणि लुकाच्या तब्येतीबद्दलच्या गोष्टी आपोआप वृत्तपत्रांत पोहोचल्या. डॅलसच्या प्रेक्षकांनी घरच्याच मैदानात व्यवस्थापकाला काढण्याच्या घोषणा महिनोन्‌महिने दिल्या. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांना काढलं. लक्षात घ्या, त्यांच्याकडे खरी खुर्ची होती म्हणून ती गेली. जे मत स्टुडिओत कैक वेळा निर्धोक विकलं गेलं होतं, ते अमलात आणणाऱ्या माणसाची नोकरी त्यात गेली. तेव्हा मतं द्यावीत. संघ चालवायच्या भानगडीत पडू नये.

मनाचा कणा

शरीर संपलं की मनावर यावं. ‘मानसिकदृष्ट्या कमकुवत’ हे शब्द स्वस्त पडतात.

फेब्रुवारी २०१८मध्ये डिमार डिरोझनने एका रात्री ट्विटरवर एका ओळीत आपल्या नैराश्याबद्दल लिहिलं. तोवर तो प्लेऑफमध्ये ढेपाळणारा म्हणून ओळखला जात होता. पुढच्याच महिन्यात केव्हिन लव्हने जाहीर केलं, की आदल्या नोव्हेंबरमध्ये ॲटलांटाविरुद्धच्या सामन्यात मध्येच त्याला पॅनिक अटॅक आला होता. त्यानंतर एनबीएने संघांसाठी मानसोपचाराचे नियम घालून दिले. त्या वर्षी सगळ्या स्टुडिओंत या विषयावर फार हळुवार बोललं गेलं. हा हळुवारपणा वर्षातून एकदा ठेवावा.

क्वामी ब्राउनचं नाव मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असायलाच हवं. २००१मध्ये १९ वर्षांचा हा मुलगा थेट शाळेतून पहिल्या क्रमांकाने निवडला गेला; असं आधी कधीच झालं नव्हतं. फसलेल्या निवडीचं उदाहरण म्हणून वीस वर्षं त्याचं नाव वापरलं गेलं. तो बारा मोसम एनबीएत टिकला, हे सांगायची गरज नाही. २०२१मध्ये त्याने स्वतःच कॅमेरा लावून ते नाव वापरणाऱ्या मंडळींना नावानिशी उत्तरं द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो चिडका आहे अशी टीका करता आली. त्याला पहिल्या क्रमांकाने निवडलं कुणी? वॉशिंग्टनचा कारभार तेव्हा मायकल जॉर्डन पाहत होता. हे पुढे-मागे विचारलं गेलं तर वरच्या फूटपट्टीकडे बोट दाखवून विषय बदला.

मत बदलण्याची रीत

माफी मागू नये. ‘माझ्या टीकेमुळेच तो पेटून उठला’ हे वाक्य पुरतं. त्याने दोन्ही बाजू तुमच्या: हरला तर तुम्ही म्हणालाच होतात, जिंकला तर तुम्हीच घडवला. खेळाडूचा प्रत्येक फटका, प्रत्येक चूक, मैदानावर काढलेलं प्रत्येक मिनिट कुठल्या ना कुठल्या तक्त्यात कायमचं नोंदलं जातं. तुमचा तक्ता कुणी ठेवत नाही, आणि कुणी ठेवायला निघालं तर त्याला दोन तासांच्या चर्चेत बोलावू नये.

डर्क नोवित्स्कीला २००७मध्ये, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या वर्षीच, पहिल्या फेरीतल्या पराभवानंतर मऊ ठरवणारे सगळे २०११मध्येही बोलत होते. तोपर्यंत तो अजिंक्य ठरला होता, वय ३२. त्यांच्यापैकी कुणाची खुर्ची हलली?

गृहपाठ

कूपर फ्लॅग, जन्म डिसेंबर २००६. लुकाला घालवून बसलेल्या डॅलसला ड्राफ्टच्या सोडतीत १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक लागला आणि जून २०२५मध्ये त्यांनी याला निवडलं. जुलैमध्ये लास वेगासच्या समर लीगमध्ये लेकर्सच्या उन्हाळी संघाविरुद्ध तो पहिला सामना खेळला. फटके २१, आत गेले ५, गुण १०. वय १८.

या आकड्यांवरून खेळाडूची पुढची पंधरा वर्षं, त्याची भूक, त्याचा कणा आणि लुकाच्या तुलनेत त्याची लायकी यांवर दीडशे शब्दांत ठाम मत लिहा. ‘कदाचित’ हा शब्द आल्यास गुण कापले जातील. दोन दिवसांनी त्याने सॅन अँटोनिओविरुद्ध ३१ गुण केले. त्यामुळे उशिरा आलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या जाणार नाहीत.